नवापूरच्या फलाटावरची रेघ

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर हे रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटाची लांबी आठशे मीटरच्या घरात. त्यातले तीनशेएक मीटर महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात आणि पाचशेएक मीटर गुजरातेतल्या तापी जिल्ह्यात. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशनमास्तरला गाठायचं तर गुजरातेत चालत जायचं. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध हद्द दाखवून दोन अंगांना दोन राज्यांची नावं रंगवली आहेत. बाहेरगावची मंडळी त्यावर बसून हौसेनं फोटो काढून घेतात, नवरा गुजरातेत आणि बायको महाराष्ट्रात. रोज अपडाऊन करणारा माणूस त्याच बाकावर पिशवी टेकवतो आणि गाडी किती लेट आहे ते विचारतो. त्याच्या लेखी तो नुसता बाक.

पण त्याच माणसाच्या पिशवीत एखादी बाटली असू द्या. गुजरातेत दारूबंदी आणि महाराष्ट्रात गुटखाबंदी, त्यामुळे बाटलीवाल्याला इकडून तिकडे जाताना घाम फुटतो, तर गुटखेवाल्याला तिकडून इकडे येताना. अशा वेळी हद्द कुठल्या खांबापाशी आहे हे त्याला पाठमोरं उभं राहूनही सांगता येईल. जमिनीवर तर काहीच खूण नाही. मातीचा रंग तोच, कडेचा पळस तोच, रूळ सलग. तापीच्या खोऱ्यातून हा लोहमार्ग टाकला गेला तेव्हा दोन्ही राज्यांचा पत्ताच नव्हता. रेघ आली १ मे १९६० ला, मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा. त्या वाटणीत पश्चिम खानदेशातली बरीच गावं गुजरातेत गेली. मावची, गावित, कोकणी, वसावे अशा घरांची सोयरीक मात्र दोन्हीकडे होती तशीच राहिली. लग्नाची वरात निघाली की तिला ही हद्द आडवी येत नाही, पोलीस चौकी येते.

हद्द दिसणं किंवा न दिसणं हे डोळ्यांच्या नंबरावर ठरत नाही. तिच्याशी आपलं काय काम आहे, यावर ते ठरतं. संस्कृती म्हटलं की आपल्या मनात ढोल, पावरी, होळीचा नाच असं काही येतं आणि नवापूरचं नाव घेतलं की हमखास येतं. या प्रकरणात तो शब्द साध्या अर्थानं घेऊ. लहानपणापासून आपल्याला कशाकडे लक्ष द्यायला लावलं गेलं आणि कशाकडे दुर्लक्ष करायला, याची बेरीज म्हणजे संस्कृती. यातला दुर्लक्षाचा भाग फार मोठा असतो आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

सुरुवात कानापासून करू. नवापूरच्या फलाटावर गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचं पोर घरात मावची बोली ऐकतं, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि आठवडे बाजारात अहिराणी. आपल्याला वाटतं, आवाज कानावर पडला की ऐकू आलाच. तसं नसतं. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे दोन आवाज वापरले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हे दोन्ही सहसा एकच वाटतात. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यातला फरक व्यवस्थित कळत होता. आवाज बदलला की बाळ मान वळवायचं. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपाशी गेल्यावर चित्र पालटलं. त्यातल्या फारच थोड्यांना फरक कळला. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र तो कळत राहिला होता.

म्हणजे बाळ पहिल्या वर्षात जे शिकतं त्यात विसरण्याचा वाटा मोठा आहे. ज्या फरकाला घरात किंमत नाही तो फरक कान सोडून देतो. आणि एकदा सोडला की तो आपल्याकडे कधी होता याचीही आठवण राहत नाही. मराठी माणसाला याचा दुसऱ्या बाजूनं अनुभव असतो. चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ हे दोन वेगळे आवाज आपण दिवसभर वापरतो. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे आपले दोन ‘च’ आहेत हे आपल्यालाच माहीत नसतं. सुरतेहून आलेला व्यापारी ‘चाक’ म्हणताना चहातला ‘च’ वापरतो तेव्हा आपला कान टवकारतो. त्याला मात्र आपण का हसलो ते कळत नाही, कारण त्याच्या कानी काही चुकलेलंच नसतं.

कानाची ही सवय राजकारणातही कशी शिरते, याचं उदाहरण शेजारीच आहे. नवापूरच्या दक्षिणेला डांगचं जंगल. राज्याच्या वाटणीआधी डांग कुणाचा, यावर मोठं रण पेटलं होतं. तिथल्या लोकांचं बोलणं ऐकून मराठी पुढाऱ्यांना ते स्वच्छ मराठी वाटलं. तेच ऐकून गुजराती पुढाऱ्यांना गुजराती वाटलं. दोघेही लबाडी करत होते असं म्हणायला जागा आहे, पण मला तसं वाटत नाही. परकं बोलणं ऐकताना कान ओळखीचे शब्द वेचतो आणि बाकीचा भाग सोडून देतो. ज्याच्या पदरी जी भाषा, त्याला तीच ऐकू येते. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली निघालेल्या खंडात भिल्ली बोलींचा वेगळा गट करून मावचीची नोंद त्यात केली होती. पण खंड वाचून कुणी ऐकत नाही. शेवटी डांग गुजरातेत गेला. बोलणाऱ्यांचं बोलणं जिथल्या तिथं राहिलं.

आता डोळे. आदिवासी माणसाची नजर घारीसारखी असते, असं शहरी माणूस कौतुकानं म्हणतो. इंग्रजांच्या काळात हे विज्ञान म्हणूनच खपत होतं. रानटी माणसाची बुद्धी कमी आणि इंद्रियं तल्लख, अशी एक सोयीची समजूत होती. तिला पहिला धक्का दिला केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर एक शोधमोहीम गेली होती. तिथं त्यांनी बेटावरच्या लोकांची नजर रीतसर मोजली. ती फार जगावेगळी निघाली नाही. मग हे लोक लांबवरची होडी इतरांच्या आधी कशी ओळखतात? रिव्हर्स यांचं उत्तर साधं होतं. आपल्या समुद्रात काय दिसू शकतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि बघायचं कुठं हेही. डोळा सगळ्यांचा सारखाच, त्यांचा सराव मात्र त्या समुद्राचा.

रिव्हर्स नंतर, १९०१-०२ च्या सुमारास, भारतात येऊन निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहिले आणि त्यांच्यावरही तेच प्रयोग केले. त्यात एक रेघांचा होता. दोन सारख्या लांबीच्या रेघा घ्यायच्या. एकीच्या टोकांना बाणासारखे आत वळलेले पंख काढायचे, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे. बाहेर पंख असलेली रेघ लांब दिसते. जर्मनीच्या म्यूलर-लायर यांनी १८८९ साली दाखवलेला हा दृष्टिभ्रम आता शाळेच्या पुस्तकातही असतो. बेटावरचे लोक आणि तोडा, दोघेही या रेघांना इंग्रजांपेक्षा कमी फसले. आडव्या-उभ्या रेघांच्या दुसऱ्या एका भ्रमाला मात्र ते जास्त फसले. अमुक समाज हुशार आणि अमुक भोळा, असा निकाल त्यामुळे कुणालाच लावता आला नाही.

यावर पुढे एक सुबक सिद्धान्त उभा राहिला. सीगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी पंधराएक समाजांतल्या सुमारे १९०० माणसांची चाचणी घेऊन १९६६ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की शहरी माणूस चौकोनी खोल्या, काटकोनी टेबलं आणि सरळ कडा यांच्यात वाढतो. त्याचा डोळा कोपरे बघून अंतराचा अंदाज बांधायला शिकतो आणि कागदावरच्या पंखांनाही कोपरा समजून फसतो. गोल झोपडीत वाढलेला फसत नाही. सुतारानं घडवलेलं जग ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांचा हा भ्रम.

हा सिद्धान्त वाचायला छान वाटतो. मला तो कधी पूर्ण पटला नाही. नवापूर तालुक्यातलं जुनं घर पाहा. सागाचे खांब, आडवे वासे, कुडाच्या भिंती, शेणामातीचं सारवण, वर कौलं. कूड असला तरी घर चौकोनीच असतं. सुतार इथंही होता. मग या घरातला माणूस कुठल्या रांगेत बसवायचा? जास्त पक्का आक्षेप दिल्लीहून आला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या गरीब घरांतल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त अंधारात काढलेली मुलं, दृष्टी येताच त्यांना या रेघा दाखवल्या. त्यांनी ना कोपरे पाहिले होते, ना टेबलांच्या कडा. तरी ती फसली. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे या भ्रमाचं मूळ बहुधा घराच्या आकारापेक्षा खोल, डोळा आणि मेंदूच्या रचनेतच आहे. संस्कृतीनं त्यात थोडी भर घातली असेल. सगळं खापर तिच्यावर फोडायला नको.

दिशांच्या बाबतीत तिचा हात जास्त स्पष्ट दिसतो. बनारस हिंदू विद्यापीठाचे रमेश मिश्र आणि जिनिव्हाचे पिएर दासेन यांनी बरीच वर्षं मुलांवर एक खेळ करून पाहिला. टेबलावर काही वस्तू ओळीनं मांडायच्या, मुलाला अर्धं वळवून दुसऱ्या टेबलापाशी न्यायचं आणि तशीच ओळ लावायला सांगायचं. कुणी आपल्या डाव्या-उजव्या हातानुसार लावतं, कुणी पूर्व-पश्चिमेनुसार. दोन्ही बरोबर, पण ओळी एकमेकींच्या उलट्या होतात. वाराणसीत संस्कृत पाठशाळेतली मुलं हिंदी शाळेतल्या मुलांपेक्षा दिशांचा आधार जास्त घेताना दिसली. एकाच शहरातली पोरं, गल्ल्याही त्याच. फरक होता रोजच्या संध्येचा. पूर्वेकडे तोंड करून बसण्यावाचून ज्याचा दिवस सुरू होत नाही, त्याच्या डोक्यात होकायंत्र बसतं. डोळे बांधून फिरवलं तरी त्यातल्या अनेकांना दिशा सांगता येत होती.

इथं धर्माचं माहात्म्य शोधायची गरज नाही. रोज करावं लागतं ते शरीराला येतं, एवढाच त्याचा अर्थ. रानात गुरं राखणाऱ्या पोराला उताराचं आणि पाण्याचं असंच भान असतं.

नाकाचं तसंच. मलेशियाच्या जंगलात सेमाक बेरी आणि सेमेलाई असे दोन शेजारी समाज राहतात. भाषा नात्यातल्या, जंगल एकच. पहिले शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दुसरे शेती करतात. आसिफा मजिद आणि निकोल क्रुस्पे यांनी २०१८ साली दाखवलं की वास ओळखून सांगण्यात पहिले फार पुढे आहेत. रंगांच्या बाबतीत दोघांत तसा फरक नाही. शेतावर राहायला गेलं की नाकाचं काम कमी होतं आणि नाक मागे पडतं.

हे वाचताना मला नवापूरकडचा फाल्गुन-चैत्र डोळ्यासमोर येतो. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. वटवाघळं रात्रीतून त्याच्यावर येऊन जातात, परागीभवन उरकतात, मग उजाडायच्या आधीपासून टपटप सुरू होते. बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते, कारण पाचोळ्यात फूल सापडत नाही. ताजं फूल फिकट पिवळं, गुबगुबीत, दाबलं की रस सुटतो. वास गोड आणि थोडा उग्र. चार दिवस उन्हात पडलं की तपकिरी होतं, मनुकेसारखं आकसतं आणि वासही बदलतो. कुठलं ताजं, कुठलं रात्रीच्या दवात भिजून आंबायला लागलं, हे बाई हात न लावता सांगते. जुन्या झाडांचे घरोघरी वाटे ठरलेले असतात.

याच झाडापाशी तालुक्याच्या गावाहून आलेला पाहुणा उभा केला तर तो म्हणतो, दारूचा वास येतोय. खरं तर फुलाला दारूचा वास नसतो. त्याच्या ओळखीच्या दारूला या फुलाचा वास असतो. त्यानं आधी बाटली हुंगलेली, नंतर झाड. ज्या घरात फुलं भाजून, शिजवून, दाण्यांबरोबर कुटून खाल्ली जातात आणि टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात, तिथं तो वास आधी खाण्याचा असतो आणि मग पिण्याचा.

सरकारी नाकही पाहुण्याचंच. मुंबई सरकारनं १८९२ साली मोहफुलांसाठी वेगळा कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आणली. घरची हातभट्टी बंद झाली की सरकारी गुत्त्याचा महसूल वाढतो, हा हिशेब त्यामागे होता. वनखात्याला त्याच झाडाखाली वणव्याचं कारण दिसतं, आणि पाचोळा पेटवताना आग हाताबाहेर गेली की ते खरंही असतं. एक झाड, त्याच्याकडे बघणारी तीन कामं.

मात्र यातून ‘आदिवासींची निसर्गदृष्टी’ असं एक गोंडस गाठोडं बांधायला मी तयार नाही. याच तालुक्यातली शेकडो घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत उसाच्या तोडीला जातात. तिथं पडावात राहतात आणि हंगाम संपला की परततात. मोहाखाली फूल निवडणारा तोच माणूस बारडोलीकडच्या फडात ऊस बघतो तेव्हा टनाच्या भावानं बघतो. तिथं त्याला झाड दिसत नाही, मोळी दिसते. एका माणसाला एकच नजर असते हे आपण कुठून काढलं कोण जाणे.

नजरेची सगळ्यात मोठी परीक्षा नवापूरनं दिली ती २००६ च्या फेब्रुवारीत. या गावात दोन तऱ्हेच्या कोंबड्या असतात. एक शेडमधली. पिंजऱ्यांच्या रांगा, एका वयाची, एका वजनाची, हजारांनी मोजायची. दुसरी गावठी. अंगणात खुडबुडणारी, रात्री डालग्याखाली झाकायची, रंगावरून आणि खोडीवरून ओळखायची. पाहुणा आला तर तिला कापतात, अडचण आली तर बाजारात नेतात, देवाला बोललेलं असेल तर देवाला देतात, आणि कुठल्या देवाला कुठल्या रंगाची चालते हे भगताला ठाऊक असतं. एकाच जातीचा पक्षी, पण पहिली कोंबडी माल आहे आणि दुसरी घरातलं एक माणूस, जरी कापायचं असलं तरी.

त्या हिवाळ्यात शेडमधल्या कोंबड्या मरू लागल्या. पोल्ट्रीवाल्यांना त्यात नवल वाटलं नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, त्यांनी अनेकदा पाहिली होती. धाप, हिरवट हगवण, मान वाकडी आणि मग मर. डोळ्यांसमोर मरणारी कोंबडी ओळखीच्या रोगात बसत होती, म्हणून ती त्याच रोगानं मरताना दिसली. भोपाळच्या प्रयोगशाळेनं नमुने तपासून सांगितलं की हा बर्ड फ्लू, एच५एन१ आहे. देशातला पोल्ट्रीतला हा पहिलाच उद्रेक. नवापूरचे मालक त्यानंतरही बरेच दिवस राणीखेतच म्हणत राहिले. त्यात धंदा वाचवण्याची धडपड होतीच, ती नाकारता येत नाही. पण अनुभवी डोळा अनुभवातलंच बघतो, हेही तितकंच खरं. डॉक्टर रोगी बघताना याच खड्ड्यात पडतात आणि त्यांना तर तसं न पडण्याचं शिक्षण दिलेलं असतं.

मग नकाशावर गोल काढले गेले. रोग सापडला त्या जागेभोवती ठरावीक किलोमीटरचं वर्तुळ आणि त्यातला एकेक पक्षी मारायचा. वर्तुळाला राज्याची हद्द कळत नव्हती. त्याचा घेर पलीकडच्या उच्छल तालुक्यातही गेला. पांढरे झगे, चष्मे, मास्क, हातमोजे घातलेली पथकं आधी शेडमध्ये आणि मग घराघरांत शिरली. लाखो पक्षी मारून खड्ड्यात पुरले, लाखो अंडी नष्ट केली. शेडवाल्याला भरपाईचा हिशेब कळत होता, कारण त्याची कोंबडी आधीपासूनच आकड्यात होती. पाड्यावरच्या म्हातारीला दिसत होतं ते असं: माझी कोंबडी धडधाकट आहे, दाणे टिपते आहे, आणि हे तोंड झाकलेले लोक ती मारायला आले आहेत. तिनं ती टोपलीखाली लपवली असेल तर तिच्या जागी मीही लपवली असती.

पथक बरोबर होतं. विषाणू होता आणि धडधाकट कोंबडीच्या पोटातही तो असू शकत होता. भारतात त्या वर्षी एकाही माणसाला त्याची लागण झाल्याचं आढळलं नाही, याचं श्रेय त्या कठोरपणाला द्यायला हवं. म्हातारीही चुकीचं बघत नव्हती. सूक्ष्मदर्शकातून बघायचं काम तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं, आणि पथकातल्या पशुवैद्यकाच्या वाट्याला त्या कोंबडीचा नवस.

२०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बर्ड फ्लू नवापूरला पुन्हा आला. शेडमधले लाखो पक्षी पुन्हा मारावे लागले आणि पांढऱ्या झग्यातली पथकं पुन्हा गावात आली. त्याआधीच्या वर्षभरात कोरोनामुळे प्रत्येक घरानं तसे झगे दवाखान्यात नाहीतर स्मशानात पाहिले होते आणि ज्याच्या-त्याच्या गळ्यात स्वतःचाच मास्क लोंबत होता. २००६ साली ज्या पोशाखाला बघून पोरं घरात पळाली असतील, तो पोशाख आता कुणी मान वळवून पाहावा असा राहिला नव्हता. लोक थेट भरपाईचा दर विचारत होते.